पंतांची चित्रं

आमच्या खटाव-माणच्या पट्ट्यात पाऊस मोजूनमापून पडतो, आणि बऱ्याच वर्षी मोजण्याइतकाही पडत नाही. सह्याद्रीच्या अंगाला ढग रिकामे होतात आणि आमच्याकडं नुसता वारा येतो. शाळू आला तर वर्ष निघालं, नाहीतर मेंढरामागं नाहीतर मुंबईला. अशा मुलखात एका डोंगरावर चित्रांचं घर आहे, आणि त्यात राजा रविवर्म्यापासून इंग्लंडच्या हेन्री मूरपर्यंत सगळे नांदतात, असं परक्या माणसाला सांगितलं तर तो आधी हसतो. मग त्याला औंधला न्यावं लागतं.

औंध आमच्या गावापासून सात-आठ मैल. डोंगराच्या माथ्यावर यमाईचं मूळपीठ, काळ्या पाषाणाची ठसठशीत मूर्ती. ज्योतिबानं 'ये माय' म्हणून साद घातली म्हणून ती यमाई झाली, असं आमच्याकडं म्हणतात. त्याच डोंगराच्या चढावर, वाटेत, श्री भवानी संग्रहालय. पायऱ्यांनी चढणारा माणूस देवीला निघालेला असतो. दम खायला थांबतो तेव्हा त्याला ती इमारत दिसते. १९३८ साली ती उभी राहिली. उभी करणारा माणूस औंध संस्थानचा राजा, भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी. आमच्याकडं त्यांना कुणी राजेसाहेब म्हणत नसे. नुसतं 'पंत'. तेवढ्यानं भागायचं.

पंतांचा जन्म १८६८ चा. डेक्कन कॉलेजातून बी. ए. झालेले, १९०९ साली गादीवर आलेले. संस्थान म्हणजे काय, तर बहात्तर गावं, आणि तीही एका जागी नाहीत. औंध इकडं, आटपाडी तिकडं, कुंडल तिसरीकडं आणि गुणदाळ पार विजापूरच्या अंगाला. गोधडीचे तुकडे वाऱ्यानं उडून लांब लांब पडावेत तसं. या राजाला शिकारीपेक्षा कुंचल्याचं वेड होतं. तो कीर्तन करायचा, सूर्यनमस्कार घालायचा आणि चित्रं काढायचा. दुसऱ्याकडून काढून घ्यायचा ते वेगळं. स्वतः काढायचा. १९१६ साली त्यांचं 'चित्ररामायण' छापून निघालं, रंगीत चित्रांचं. पुढं अजिंठ्याला चित्रकार घेऊन गेले, तिथल्या भिंतींवरून नकला करवल्या, आणि १९३२ साली अजिंठ्यावर पुस्तक काढलं. पुण्याच्या भांडारकर संस्थेनं महाभारताची चिकित्सक आवृत्ती हाती घेतली, तेव्हा तिच्यासाठी चित्रं काढायचं कामही यांनीच अंगावर घेतलं. त्या ग्रंथाच्या मुखपृष्ठावर संपादक सुखटणकरांच्या नावाखाली औंधच्या राजाचं नाव चित्रकार म्हणून छापलेलं आहे. राजाचं नाव आश्रयदाता म्हणून पुष्कळ पुस्तकांवर असतं. चित्रं काढणारा म्हणून असं कितीसं असणार?

हे सगळं मला पुस्तकांतून पुढं कळलं. आधी कळलं ते दादांकडून.

दादा, म्हणजे माझे वडील, औंधच्या शाळेत शिकले. गावातून आठवड्याचं पीठ आणि चटणी घेऊन चालत जायचं, तिथं एका खोलीत पाच-सहा पोरांनी मिळून राहायचं. त्या शाळेत रोज सूर्यनमस्कार सक्तीचे. ओम ऱ्हां, ओम ऱ्हीं म्हणत ओळीनं घालायचे. ज्याचं ढोपर वाकलं त्याला पुन्हा. दादा सत्तरी उलटल्यावरही परड्यात पहाटे बारा नमस्कार घालायचे, आणि घालून झाल्यावर म्हणायचे, "पंतांचं कर्ज फिटंना गड्या." याच शाळेनं ग. दि. माडगूळकरही घडवले. दादांच्या आधीच्या पिढीत साने गुरुजी काही काळ औंधात शिकून गेले. दादा काही लेखक झाले नाहीत. त्यांना ओढ लागली ती डोंगरावरच्या इमारतीची.

संग्रहालय तेव्हा नवं होतं. सुट्टीच्या दिवशी बाकीची पोरं विहिरीवर पोहायला जायची आणि दादा वर चढायचे. जाताना वही न्यायची. एका वेळी एकच चित्र बघायचं, आणि बघून वहीत उतरवायचं. ती वही मी पाहिली आहे. कोऱ्या कागदाची नाही. हिशेबाच्या वहीचे लाल रेघांचे कागद, त्यावर शिसपेन्सिलीनं काढलेले हात, पाय, मुकुट, धनुष्याचा बाक. एका पानावर नुसते हातच. जोडलेले, आशीर्वादाचे, बाण ओढणारे, रडताना तोंडावर घेतलेले. प्रत्येक चित्राखाली बारीक अक्षरात टिपण: 'अंगावर उजेड डावीकडून.' 'शेला पिवडी, काठ गेरू.' 'पायाचे बोट चुकले, पुन्हा पाहणे.' अकरा-बारा वर्षांच्या पोराच्या अक्षरात 'पुन्हा पाहणे' असं लिहिलेलं बघून मला अजून गंमत वाटते. मोडी वाचणाऱ्या कुण्या कारकुनाची भाषा त्यानं उचलली असणार.

मॅट्रिकच्या आधीच आजोबा गेले. संस्थानही त्याच सुमारास गेलं. ८ मार्च १९४८ ला औंध मुंबई राज्यात विलीन झालं. दादा शाळा सोडून घरी आले, आणि चौदा एकर कोरडवाहू आणि एक कर्जाची विहीर त्यांच्या गळ्यात पडली. विहिरीला पाणी चैतापर्यंत. त्यापुढं आजी.

आजीला चित्रांचा राग होता. देवाधर्माची ती मोठी. दर पौषात यमाईच्या यात्रेला चालत जाणार, रथ ओढताना दोराला हात लावणार, मूळपीठाच्या पायऱ्या अनवाणी चढणार. पण वाटेतल्या त्या इमारतीकडं ती मान वळवून बघत नसे. आम्ही पोरं हट्ट करायचो, तर म्हणायची, "भितीवर काय बघायचं? आपल्या घरच्या भितीला पोपडं आल्यात ती बघा की."

तिचा राग नुसता अडाणी नव्हता. त्याला हिशेब होता. दादांनीच कधीतरी कौतुकानं सांगितलेलं, की महाभारताच्या त्या कामासाठी पंतांनी एक लाख रुपये द्यायचं कबूल केलं. आजीनं ते धरून ठेवलं. विहीर आटली की, बैल विकायची वेळ आली की, ती तो लाख बाहेर काढायची. "एक लाख! पोथीला! आरं, त्या लाखात किती हिरी पडल्या असत्या? किती बांध झालं असतं? राजा व्हता, शाना व्हता, म्हंत्यात. मग पान्याचं चित्र काढून आमाला प्यायला देत व्हता का?"

दादा पहिल्यांदा गप्प बसायचे. मग सांगायचे किर्लोस्करांची गोष्ट. लक्ष्मणराव किर्लोस्कर मूळचे चित्रकार व्हायला निघालेले. मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये गेले, पण डोळ्यांना रंग नीट ओळखता येईनात म्हणून रंगकाम सोडून यंत्रांची ड्रॉइंग काढायला लागले. पुढं बेळगावातून कारखाना हलवायची पाळी आली, तेव्हा १९१० साली कुंडल रोड स्टेशनाजवळची माळरानाची जागा त्यांना औंधच्या राजानं दिली. निवडुंग आणि नाग, दुसरं काही नाही, अशी ती जागा. तिथं किर्लोस्करवाडी झाली आणि तिथून लोखंडी नांगर बाहेर पडले. "आपल्या दारात जो नांगुर हाय," दादा आजीला म्हणायचे, "त्यो एका चित्रकारानं केला आन् दुसऱ्या चित्रकारानं त्याला जागा दिली. समजलं?"

आजी म्हणायची, "नांगुर हाय, पर पानी कुठाय?"

या प्रश्नाला दादांकडं उत्तर नव्हतं. माझ्याकडंही नाही. पंतांनी २१ जानेवारी १९३९ ला आपली सत्ता प्रजेच्या हाती दिली, हे मी शाळेत शिकवताना पुढं कितीतरी वेळा सांगितलं. गांधीजींनी त्या राज्यघटनेत लक्ष घातलं होतं. पंतांचे चिरंजीव अप्पासाहेब आणि मॉरिस फ्रिडमन नावाचा पोलंडचा इंजिनिअर त्यापायी वर्ध्याला फेऱ्या मारत होते. गावोगाव पंचायती झाल्या. आटपाडीजवळ स्वतंत्रपूरला कैद्यांना बेड्यांशिवाय शेती करायला ठेवलं. त्यावरूनच शांतारामबापूंचा 'दो आँखें बारह हाथ' निघाला, १९५७ साली, आणि त्याची गोष्ट लिहिली माडगूळकरांनी. सगळं खरं. पण आमच्या विहिरीचा तळ चैतात दिसायचा, हेही खरं. दोन्ही गोष्टी एकाच मुलखातल्या, आणि एकीनं दुसरी खोटी पडत नाही.

दादांनी चित्रं सोडली नाहीत. गावात मारुतीचं देऊळ आहे. दगडी गाभारा, पुढं मातीच्या भिंतींचा, माळवदाचा सभामंडप. १९५८ च्या आसपास गावानं भिंतींना चुना दिला तेव्हा दादा पुढं झाले आणि म्हणाले, मी रामायण काढतो. पैसे नकोत, रंगाचा खर्च द्या. गावानं अर्धा खर्च दिला. रंग तरी कसले! चुना, गेरू, पिवडी, कपड्याला घालायची नीळ, काजळी आणि बाभळीचा डिंक. रुंद कामाला बाजारचा ब्रश, आणि बारीक रेघेला शिंदीची काडी ठेचून केलेला कुंचला. सुगी झाल्यावर दोन महिने ते रोज दुपारी देवळात बसायचे. वही समोर, भिंत पुढं. जिथं अडायचं तिथं काम थांबवून औंधला जायचे, वर चढून चित्र बघायचे, आणि दुसऱ्या दिवशी पुढं काम. 'पुन्हा पाहणे' लिहिलेलं ते असं वीस वर्षांनी पाहून घेतलं.

चारी भिंतींवर मिळून सोळा प्रसंग. त्यांतला जटायू गावाला सगळ्यांत आवडायचा, कारण दादांनी त्याला आमच्या माळावरच्या गिधाडाची मान दिली होती. सेतू बांधणाऱ्या वानरांच्या डोक्यावर चुंबळी होत्या. गावातल्या बायकांनी विचारलं, "वांदराला चुंबळ कशाला?" दादा म्हणाले, "दगूड उचलायचा तर डोक्याला टोचत न्हाई व्हय?" हे काही पंतांच्या चित्रात नव्हतं. पंतांचा सगळा भर जुन्या शिल्पांतून, लेण्यांतून वेश आणि दागिने नीट शोधून काढण्यावर. त्यांची माणसं नाटकातल्या पात्रासारखी जरा ताठ उभी असतात, कीर्तनकारानं एक हात उचलून आख्यान लावावं तशी. दादांची माणसं आमच्या गावची होती. पण ती उभी कशी राहतात, हात कुठून वळतो, उजेड कुठल्या अंगानं येतो, हे औंधच्या डोंगरावरून आलेलं होतं.

मग आला बहात्तरचा दुष्काळ. मी तेव्हा दहा वर्षांचा. त्यावर पुष्कळांनी लिहिलं आहे, मी लांबवत नाही. विहीर कोरडी, बैल छावणीला, आणि घरातली मोठी माणसं रस्त्याच्या कामावर खडी फोडायला. दादा, आई आणि साठी ओलांडलेली आजी, तिघं एका ओळीत बसायचे. चौदा एकराचे मालक. दुपारी सुकडी मिळायची ती आम्हा पोरांसाठी पदरात बांधून यायची. दादांच्या उजव्या हाताच्या अंगठ्याचं नख त्या खडीखाली गेलं, ते पुन्हा सरळ आलंच नाही. त्यानंतर त्यांची बारीक रेघ गेली. कुंचला धरला की अंगठा सरकायचा. आजीनं ते बघितलं होतं. त्या वर्षी लाखाचा विषय तिनं एकदाही काढला नाही.

दुष्काळ सरला. पुढच्या पौषात आम्ही यात्रेला गेलो. आजीनं नवस बोललेला, पाऊस पडू दे, खणानारळानं ओटी भरीन. ओटी भरून उतरताना तिचे गुडघे धरले. ती पायरीवर बसली. ऊन होतं. समोर संग्रहालयाचं दार उघडं, आत गार सावली. दादा काही बोलले नाहीत. आजीच उठली आणि म्हणाली, "चल, बघू तरी राजानं काय मांडून ठेवलंय."

आत गेल्यावर आधी तिनं वर बघितलं. छताकडून येणारा मऊ उजेड. अशी मोकळी, उंच खोली तिनं देवळाशिवाय कुठं पाहिली नव्हती, म्हणून असेल, तिनं पायताणं दाराबाहेर काढून ठेवली. पहारेकरी म्हणाला, "आजी, घाला की, चालतं." ती म्हणाली, "राहू दे बाबा." आणि मग ती एकेक चित्र बघत चालली. आम्ही पोरं पुढं पळत होतो. हस्तिदंती कोरीवकाम, चंदनाच्या वस्तू, विलायती चित्रांच्या मोठमोठ्या नकला, धुरंधरांची चित्रं, बाबूराव पेंटरांची. आजीला घाई नव्हती. बाजारात बैल बघावा तसं प्रत्येक चित्र ती जवळून, लांबून, बाजूनं बघत होती.

रविवर्म्याच्या 'सैरंध्री'पुढं ती थांबली. "ही कोन?"

दादांनी सांगितलं. द्रौपदी. पांडव अज्ञातवासात होते तेव्हा विराटाच्या घरी दासी म्हणून राहिली ती. आजीला गोष्ट ठाऊक होती. कीर्तनात दहादा ऐकलेली. पण तिनं ती कधी डोळ्यांपुढं आणली नसावी. बराच वेळ ती त्या बाईच्या तोंडाकडं बघत राहिली.

"राणी असून दुसऱ्याच्या घरी कामाला," ती म्हणाली. मग दादांच्या अंगठ्याकडं बघितलं आणि पुढं सरकली. एवढंच. मी तेव्हा काही समजलो नाही. मला वाटलं, ती दमली.

पुढं एका बाजूला हेन्री मूरचं दगडी शिल्प होतं, 'आई आणि मूल'. लहानसं. नाक-डोळे नीट नाहीत, गोल गोल दगड एकमेकांत गुंतलेले. आम्ही त्याला हसत होतो. दादांनाही ते कधी उमगलं नव्हतं. त्यांच्या वहीत त्याचं एकही चित्र नाही. आजी वाकली. "ह्यो दगूड घडवायचा ऱ्हायला व्हय?" म्हणाली. मग पदर सावरत आणखी वाकली. हात पुढं केला आणि पहारेकऱ्याकडं बघून मागं घेतला. "न्हाई, न्हाई. माय हाय ही. लेकरू धरलंय बघ उराशी. आपल्या शिवंवरली सटवाई अशीच हाय." आमच्या शिवेवरच्या सटवाईला शेंदूर लावून लावून नाक-डोळे उरलेले नाहीत, पण तिच्या मांडीवरचं मूल आंधळ्यालाही कळतं. मोठमोठे कलासमीक्षक मूरविषयी काय लिहितात ते मी नंतर वाचलं. मला आजीची ओळ पुरते.

खाली उतरताना तिनं शेवटचा निकाल दिला. "हिरी पायजे व्हत्या," ती म्हणाली. "पर ही बी असू दे."

दादा त्या दिवशी रस्ताभर शीळ घालत चालले. मी त्यांना शीळ घालताना ऐकलं ते तेवढंच.

त्या निकालात एक गोष्ट आली नव्हती. ती मला पुष्कळ उशिरा, दादा गेल्यावर कळली. पंतांकडं वाडा होता. चित्रं वाड्यात ठेवता आली असती, पाहुण्यांना दाखवता आली असती. बहुतेक संस्थानिकांनी तेच केलं. संस्थानं गेली, वाडे वाटण्यांत गेले, आणि चित्रं कुणाच्या तरी दिवाणखान्यात नाहीतर लिलावात गेली. पंतांनी ती देवीच्या वाटेवर नेऊन ठेवली. जिथं पौषात सगळा मुलूख येतो, मेंढका येतो, ऊसतोडीवाला येतो, नवरानवरी येतात, तिथं. कलेसाठी मुद्दाम कुणी औंधला आलं नाही तरी देवीसाठी येणारच, आणि दम खायला थांबणारच. आज हे संग्रहालय महाराष्ट्र शासनाच्या पुरातत्त्व खात्याकडं आहे. म्हणजे कागदावर ते आपलं सगळ्यांचं आहे. माझी आजी आत गेली तेव्हा तिला कुणी विचारलं नाही, तू कोण.

गावच्या देवळाचं नशीब तसं नव्हतं. मी तेव्हा नोकरीनिमित्त लांबच्या तालुक्यात होतो. दादा थकले होते, डोळ्यांत मोतीबिंदू उतरलेला. गावात जीर्णोद्धाराची टूम निघाली. मुंबईतल्या मंडळींनी वर्गणी पाठवली. माळवद पाडून स्लॅब आला, मातीच्या भिंती गेल्या, त्या जागी विटांच्या आल्या, आणि त्यांना पांढऱ्या फरशा बसल्या. गुळगुळीत, पाण्यानं धुवून निघणाऱ्या. गाभाऱ्याच्या बाजूची एक जुनी भिंत तेवढी राहिली. तिच्यावरही ऑइलपेंट मारला, फिका गुलाबी. कुणाचा वाईट हेतू नव्हता. देऊळ चांगलं दिसावं एवढंच. कमिटीतले एक जण दादांना सांगायला घरी आले, "दादा, आता चिंता न्हाई, पावसाचं गळायचं नाही." दादा म्हणाले, "बरं झालं." चहा घेऊन ते गेल्यावर आईला म्हणाले, "जटायू कुठल्या भितीवर व्हता गं?" आई म्हणाली, "पाडलेल्या." त्यावर दादा काही बोलले नाहीत.

आजही सण असला की त्या देवळात जातो. भिंती लखलखीत आहेत, पाऊस खरंच गळत नाही. दिव्याचा उजेड फरशीत पडतो. पण तिथं बसलेली पोरं वर बघत नाहीत. बघायला काही नाही. आम्ही त्या मंडपात कंटाळवाणी भजनं ऐकत तासन् तास बसायचो, आणि डोळे भिंतींवर फिरायचे. रामायण मला कुणी शिकवलं नाही. ते मला मानेच्या दुखण्यातून आलं.

गेल्या काही वर्षांत मी सवडीनं औंधला जातो. यात्रेत नाही, मधल्या साध्या दिवशी. कधी शाळेची सहल आलेली असते. मास्तर रांग लावतात आणि पोरं एका दारानं आत, दुसऱ्यानं बाहेर, पाच मिनिटांत. त्यांना चिवडा खायची घाई असते आणि ती मला समजते. पण प्रत्येक रांगेत एखादं पोर मागं राहतं. मास्तर हाक मारतात, ते ऐकत नाही. एकदा असाच एक मुलगा पंतांच्या एका चित्रापुढं उभा होता आणि हवेत बोटानं काहीतरी गिरवत होता. मी विचारलं, "काय काढतोयस?" तो लाजला. "हात," म्हणाला. "हात जमंना मला."

मी त्याला सांगितलं, की माझ्या वडलांना पण जमत नव्हता, आणि त्यांनी एका पानावर नुसते हातच काढले होते.

"मग जमला का?"

"वीस वर्षं लागली."

त्यानं माझ्याकडं असं बघितलं, की म्हाताऱ्याला वेड लागलंय. मग पळाला.

आमच्या गावच्या शाळेत आता चित्रकलेचे मास्तर नाहीत. आधीचे निवृत्त झाले, जागा भरली नाही. एलिमेंट्री आणि इंटरमिजिएटच्या ग्रेड परीक्षांना बसायचं तर पोरांना तालुक्याला जावं लागतं. गणिताच्या बाई हौशीनं शनिवारी सकाळी दोन तास चित्रांचा वर्ग घेतात. त्यांनी मला विचारलं, तुमच्याकडं काही आहे का पोरांना दाखवायला. मी दादांची वही काढली. माझा मुलगा म्हणाला, आधी तिचे फोटो काढून ठेवू, प्लास्टिकमध्ये घालू, मग झेरॉक्स दे. फोटो काढले. झेरॉक्सही काढल्या. पण झेरॉक्समध्ये शिसपेन्सिलीची फिकट रेघ उठत नाही, आणि खालची टिपणं तर अजिबातच नाही. शेवटी वहीच दिली.

तिला दोन वर्षं झाली. वही शाळेच्या कपाटात असते, शनिवारी बाहेर येते. कोपरे मुडपलेत, दोन पानं निसटलीत, ती चिकटपट्टीनं लावलीत. एका पानावर तेलाचा डाग पडलाय, बहुतेक डब्यातल्या भाजीचा. मागल्या महिन्यात मी शाळेत गेलो तेव्हा बाईंनी ते हातांचं पान उघडून दाखवलं. दादांनी लिहिलं होतं, 'पायाचे बोट चुकले, पुन्हा पाहणे', तशाच धाटणीनं हातांच्या पानाच्या समासात कुणीतरी बॉलपेननं नवीन ओळ लिहिली होती. अक्षर वाकडं, ऱ्हस्वदीर्घ चुकलेले: 'आंगठा सोपा नाही.'

बाई म्हणाल्या, "खोडू का सर?"

मी म्हणालो, "राहू द्या."